वार्धक्यविषयक मानसशास्त्रीय उपपत्ती

वय वाढत असताना व्यक्तीच्या बौद्धिक क्षमता, भावना, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व व परस्परसंबंध यांत जे बदल घडून येतात, त्यांची कारणमीमांसा करणाऱ्या विचारप्रणालींना वार्धक्यविषयक मानसशास्त्रीय उपपत्ती असे म्हणतात. शरीराची झीज हा वैद्यकाचा विषय होय. ती झीज व्यक्ती कशी स्वीकारते, तीवर कोणते उपाय योजते आणि भोवतालची माणसे तिचा काय अर्थ लावतात, हे मानसशास्त्राचे अभ्यासविषय होत. वार्धक्य नेमके कोणत्या वर्षी सुरू होते, यास शास्त्रीय उत्तर नाही; ६० किंवा ६५ ही वर्षे प्रशासनाच्या सोयीसाठी ठरविलेली आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्निस न्यूगार्टन (१९१६–२००१) यांनी १९७४ मध्ये ‘तरुण वृद्ध’ व ‘अतिवृद्ध’ असा भेद सुचविला. पासष्टीतील धडधाकट गृहस्थ आणि नव्वदीतील अंथरुणास खिळलेली व्यक्ती यांचा एकाच सदरात विचार केल्यास दोघांविषयीही चुकीचे निष्कर्ष निघतात.

ह्या उपपत्तींच्या मुळाशी एक प्रश्न सतत आढळतो. वृद्ध व्यक्ती कामांतून, निर्णयांतून व लोकांतून हळूहळू मागे सरते असे दिसते. हे मागे सरणे तिच्या ठायी आतून उद्भवते, की तिला बाहेरून मागे सारले जाते? प्रश्न तात्त्विक वाटला, तरी त्याचे उत्तर घरोघर रोज दिले जात असते. बँकेचे पासबुक कोणाजवळ राहावे, औषधाच्या गोळ्या कोणी मोजून घ्याव्यात, भाजी निवडण्याचे काम आजीकडून काढून घ्यावे की राहू द्यावे, यांसारख्या किरकोळ गोष्टींत वार्धक्याविषयीची एखादी उपपत्ती नकळत गृहीत धरलेली असते.

वार्धक्याचा मानसशास्त्रीय अभ्यास तुलनेने अलीकडचा आहे. जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये पौगंडावस्थेवरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ लिहून त्या अवस्थेला अभ्यासविषयाचे स्थान मिळवून दिले. त्यानेच स्वतः सेवानिवृत्त झाल्यावर १९२२ मध्ये वार्धक्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि त्यानंतरची कित्येक दशके मानसशास्त्राचे लक्ष बाल्यावस्थेवरच केंद्रित राहिले आणि प्रौढपणानंतर केवळ ऱ्हास होतो, हे मत फारशी चिकित्सा न होता रूढ झाले.

बुद्धी व स्मृती : ऱ्हासाच्या ह्या मताला बुद्धिमापन कसोट्यांनी प्रारंभी पुष्टी दिली. विविध वयांच्या व्यक्तींची एकाच वेळी चाचणी घेतली असता वृद्धांचे गुण तरुणांहून बरेच कमी पडत. परंतु या छेदात्मक पद्धतीत एक दोष होता. १९५० च्या सुमारास सत्तरी गाठलेल्या व्यक्तींना शालेय शिक्षणाची, आहाराची व वैद्यकीय उपचारांची जी संधी मिळाली होती, तीपेक्षा त्या वेळच्या तरुणांना कितीतरी अधिक संधी मिळालेली होती. म्हणजे दोन वयांतील म्हणून जो फरक मोजला जात होता, त्यातील बराचसा फरक दोन पिढ्यांतील होता. के. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिअ‍ॅटल येथे आरंभिलेल्या अनुदैर्घ्य अभ्यासात त्याच व्यक्तींची दर सात वर्षांनी पुन्हा तपासणी करण्यात आली. तीवरून बहुतेक बौद्धिक क्षमता साठीपर्यंत बऱ्याच अंशी टिकून राहतात, ऱ्हासाचा आरंभ व वेग व्यक्तिपरत्वे फार भिन्न असतो आणि सर्व क्षमता एकदम खालावत नाहीत, असे दिसून आले. शाय व शेरी विलिस यांनी १९८६ मध्ये ज्या वृद्धांच्या क्षमता घटल्या होत्या त्यांना केवळ पाच तासांचे प्रशिक्षण दिले, तेव्हा त्यांपैकी सु. ४० टक्के व्यक्ती चौदा वर्षांपूर्वीच्या आपल्या पातळीस पुन्हा पोहोचल्या. ऱ्हास म्हणून गणल्या गेलेल्या स्थितीत अनभ्यासाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे त्यावरून ध्यानात येते. मात्र एका क्षमतेचे प्रशिक्षण दुसऱ्या क्षमतेस फारसे उपयोगी पडत नाही, हे पुढील व्यापक प्रयोगांत स्पष्ट झाले. शब्दकोडी सोडविणारा मनुष्य शब्दकोड्यांत तरबेज होतो. तेवढ्याने त्याची स्मृती सर्वांगाने तल्लख होते, ही समजूत निराधार आहे.

रेमंड कॅटेल (१९०५–९८) व जॉन हॉर्न यांनी बुद्धीचे ‘प्रवाही’ व ‘घनीभूत’ असे दोन प्रकार मानले. अपरिचित समस्या झटपट सोडविण्याची, नवे संबंध ओळखण्याची शक्ती ती प्रवाही बुद्धी. शब्दसंग्रह, व्यवसायातील जाण, व्यवहारज्ञान यांच्या रूपाने साठत गेलेली ती घनीभूत बुद्धी. पहिली प्रौढपणाच्या पूर्वार्धापासूनच ओसरू लागते. दुसरी साठी-सत्तरीपर्यंत टिकते, क्वचित वाढतेही. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टंकलेखकांच्या अभ्यासातून ह्या दोहोंचा परस्परसंबंध चांगला लक्षात येतो. वयस्क टंकलेखकांची बोटे व प्रतिक्रिया तरुणांहून मंद होत्या, तरी त्यांचा टंकलेखनाचा एकूण वेग कमी नव्हता. कारण टंकित होणाऱ्या अक्षराच्या बरेच पुढे त्यांची नजर मूळ मजकुरावर धावत असे. अनुभवाने मंदपणाची भरपाई केली होती. [→ बुद्धिमत्ता].

स्मृतीच्या बाबतीतही असेच विसंगत वाटणारे निष्कर्ष हाती आले आहेत. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवणे, ते ‘जिभेवर असणे’, ही वृद्धांची नेहमीची तक्रार असून प्रयोगांनी तिला दुजोरा मिळतो. विशेषनामांना अर्थाचा आधार नसल्याने ती प्रथम निसटतात. ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट करण्याची आठवण, म्हणजे भविष्यलक्ष्यी स्मृती, ही प्रयोगशाळेत वृद्धांच्या ठायी कमी भरते. परंतु तेच काम घरी करावयास दिले, तर वृद्ध तरुणांच्या बरोबरीने किंवा त्यांहून चांगले करतात. डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये संधिवाताच्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा औषधे घेण्यात अधिक चुका धावपळीत असलेल्या मध्यमवयीनांच्या झाल्या होत्या, वृद्धांच्या नव्हे. जेवणाच्या ताटाशेजारी डबी ठेवणे, कॅलेंडरच्या चौकोनात खूण करणे, प्रत्येक वस्तूची जागा ठरवून ठेवणे या सवयींवर हे यश उभे असते. वस्तूंच्या ठरीव जागांविषयी वृद्धांचा जो आग्रह कुटुंबात हट्टीपणा समजला जातो, तो पुष्कळदा त्यांच्या स्मृतीचा आधार असतो. खोलीची फेररचना करताना ही गोष्ट विसरली जाते. नावे विसरणे आणि नित्याच्या रस्त्यावर वाट चुकणे किंवा परिचित कामाचा क्रम लावता न येणे, यांत मात्र मूलभूत फरक आहे. दुसऱ्या प्रकारची लक्षणे वार्धक्याची नसून आजाराची असू शकतात व त्यांसाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

अलिप्तता, क्रियाशीलता व सातत्य : वार्धक्यातील सामाजिक जीवनाची पहिली सुसूत्र उपपत्ती एलेन कमिंग व विल्यम हेन्‍री यांनी १९६१ मध्ये मांडली. अमेरिकेतील कॅन्झस सिटी येथील प्रौढांच्या पाहणीवरून त्यांनी असे प्रतिपादन केले, की वृद्ध व्यक्ती व समाज ही दोन्ही परस्परांपासून क्रमाक्रमाने दूर होतात; ही अलिप्तता नैसर्गिक, सार्वत्रिक व उभयतांना हितकारक असते. ह्या मतावर तत्काळ टीका झाली. रॉबर्ट हॅविगहर्स्ट (१९००–९१) आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच कॅन्झस सिटीतील सामग्रीचा पुन्हा अभ्यास केला असता, अधिक क्रियाशील व्यक्ती सामान्यतः अधिक समाधानी असल्याचे त्यांना आढळले. गमावलेल्या भूमिकांच्या जागी नव्या भूमिका स्वीकाराव्यात, हा क्रियाशीलता उपपत्तीचा सारांश होय. तथापि थोड्या भूमिकांत संतुष्ट असलेली माणसेही त्याच सामग्रीत होती. ‘आरामखुर्चीतला’ वृद्ध दुःखीच असतो असे नाही. आयुष्यभर तो तसाच राहिला असेल, तर वृद्धपणीच त्याला सभासमारंभांत ओढण्याचे प्रयोजन उरत नाही. रॉबर्ट ॲचली यांची सातत्य उपपत्ती (१९७१ व पुढे) नेमकी हीच बाब पुढे आणते. माणसे वार्धक्यातही आपल्या स्वभावाची, आवडींची व नात्यांची जुनी घडी शक्य तितकी कायम राखू पाहतात आणि बदल स्वीकारताना त्यास जुन्याचीच पुढची पायरी मानतात. निवृत्त शिक्षक शेजारची मुले गोळा करून शिकविण्यास बसतो, त्यात नव्या भूमिकेपेक्षा जुनीच भूमिका अधिक असते.

अलिप्तता उपपत्ती आज तिच्या मूळ स्वरूपात क्वचितच कोणी मान्य करतो. तिचा मुख्य दोष असा, की जे दिसते ते आतून आलेले आहे, असे तिने पुरेशा तपासाविना गृहीत धरले. श्रवणदौर्बल्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. घरातील वडीलधारा मनुष्य बैठकीत गप्प बसू लागतो, फोनवर बोलणे टाळतो, लग्नकार्यास जाण्याची टाळाटाळ करतो. त्याचे मन संसारातून उठले, असा घरचे लोक अर्थ लावतात. प्रत्यक्षात अनेकांच्या एकदम बोलण्यातून एक आवाज वेगळा काढणे त्याला अशक्य झालेले असते आणि पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारण्याची त्याला लाज वाटते. श्रवणयंत्राने जिचा परिहार होऊ शकेल अशी ही विरक्ती होय. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ पासूनच्या आपल्या अहवालांत श्रवणदौर्बल्याची गणना बुद्धिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत केली आहे, त्यामुळे तर या प्रश्नाचे महत्त्व अधिकच वाढले.

जीवनाचा हिशेब : एरिक एरिक्सन (१९०२–९४) या मनोविश्लेषकाने १९५० मध्ये मानवी विकासाच्या आठ अवस्था कल्पिल्या. त्यांपैकी शेवटच्या अवस्थेत ‘एकात्मता विरुद्ध नैराश्य’ असा संघर्ष असतो. आपले आयुष्य जसे घडले तसे, त्यातील चुकांसह, आपले म्हणून स्वीकारणे ही एकात्मता. वेळ संपत आली, आता दुसरी वाट धरता येणार नाही, ही जाणीव म्हणजे नैराश्य. रॉबर्ट पेक यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या अवस्थेचे अधिक व्यवहारोपयोगी विवरण केले. निवृत्तीनंतर स्वतःची ओळख हुद्द्यापलीकडे शोधणे, शरीराच्या तक्रारींतच मन गुंतू न देणे आणि स्वतःच्या मृत्यूनंतरही जे टिकेल त्यात रस घेणे, ही तीन कार्ये त्यांनी सांगितली. जुन्या गोष्टी पुनःपुन्हा सांगण्याची वृद्धांची सवय एके काळी बुद्धिमांद्याचे चिन्ह मानली जाई. मानसोपचारतज्ञ रॉबर्ट बटलर (१९२७–२०१०) यांनी १९६३ मध्ये तिला ‘जीवनावलोकन’ असे नाव देऊन ती मनाची एक स्वाभाविक व उपकारक क्रिया असल्याचे दाखविले. अवलोकनातून प्रत्येक वेळी शांतीच लाभते असे नाही. अपराधी भावना, न मिटलेली भांडणे, वाटणीचे जुने वाद वर येतात आणि ऐकणारा कोणी नसेल तर खिन्नता वाढते, याकडे बटलर यांनीच लक्ष वेधले होते. पुढे आठवणी पद्धतशीरपणे सांगवून घेण्याचे उपचार विकसित झाले. वृद्धांतील सौम्य विषादावर त्यांचा उपयोग होतो असे आढळले आहे.

निवड व भरपाई : पॉल बाल्टेस (१९३९–२००६) व मार्ग्रेट बाल्टेस (१९३९–९९) या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९० मध्ये मांडलेली ‘निवड, संवर्धन व भरपाई’ ही उपपत्ती दैनंदिन जीवनास सर्वांत सहजपणे लागू पडते. शक्ती घटत असता माणसाने ध्येयांची संख्या कमी करावी, उरलेल्या ध्येयांवर अधिक परिश्रम घ्यावेत आणि जे पूर्वीच्या मार्गाने साधत नाही त्यासाठी निराळा मार्ग योजावा, असा तिचा आशय आहे. पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन (१८८७–१९८२) यांचे उदाहरण बाल्टेस देत असत. वृद्धपणी ते कमी रचना वाजवीत, त्यांचा अधिक वेळ सराव करीत आणि द्रुत भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवीत. त्यामुळे श्रोत्यांना पुढचा वेग होता त्याहून अधिक भासे. हेच कौशल्य नामांकित कलावंतापुरते मर्यादित नाही. दिवाळीचे सर्व पदार्थ न करता केवळ चकल्या स्वतःच्या हातच्या करणारी, त्यांची भाजणी आपल्या देखरेखीखाली सावकाश भाजून घेणारी आणि सोऱ्या दाबण्याचे काम नातवाकडे देणारी गृहिणी ह्या तिन्ही गोष्टी करीत असते. निवड तिची असते, हे यात महत्त्वाचे. तीच कामे ‘आता तुम्हाला झेपणार नाही’ असे सांगून काढून घेतली, तर कामाचा भार तेवढाच हलका होतो, परंतु उपपत्तीत अभिप्रेत असलेली क्रिया घडतच नाही.

लॉरा कार्स्टेन्सन यांनी १९९० नंतर विकसित केलेली सामाजिक-भावनिक निवडशीलता उपपत्ती अलिप्ततेच्या जुन्या प्रश्नास निराळे उत्तर देते. वृद्धांचे मित्रमंडळ लहान होते हे खरे. पण ते स्वतःच ते लहान करतात. पुढे भरपूर काळ आहे असे वाटते तेव्हा माणूस नवी माहिती, नव्या ओळखी जमवितो. काळ मर्यादित आहे असे जाणवले, की तो निकटच्या माणसांकडे वळतो. म्हणजे कारण वय हे नसून उरलेल्या काळाची जाणीव हे होय. अर्धा तास मोकळा मिळाल्यास तो कोणाबरोबर घालवाल, असे विचारले असता वृद्ध आप्तांची निवड करतात. परंतु वैद्यकीय शोधामुळे आणखी वीस वर्षे मिळणार आहेत अशी कल्पना करण्यास सांगितले, की त्यांची उत्तरे तरुणांसारखी होतात. याउलट १९९७ मध्ये हाँगकाँग चीनच्या स्वाधीन होण्याच्या आधी तेथील तरुणही वृद्धांप्रमाणे जवळच्या माणसांची निवड करताना आढळले. एका युगाचा अंत समीप आल्याची भावना तेथे वयाचेच काम करीत होती. या उपपत्तीचा व्यावहारिक निष्कर्ष असा, की वृद्धांच्या एकाकीपणावर केवळ गर्दी हा उपाय नव्हे. ज्या एकदोन व्यक्तींशी मनमोकळे बोलता येते त्यांची भेट घडणे, ही गोष्ट पन्नास अनोळखी माणसांच्या मेळाव्याहून अधिक मोलाची असू शकते.

नियंत्रण व परावलंबन : प्रस्तुत विषयातील सर्वांत गाजलेला प्रयोग एलेन लँगर व जूडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात केला. एका मजल्यावरील ४७ रहिवाशांना व्यवस्थापकाने सांगितले, की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ आणि तुमच्या तक्रारी यांची जबाबदारी तुमची आहे. त्यांना रोपटे निवडू दिले, त्याची निगा त्यांच्यावर सोपविली आणि चित्रपट कोणत्या दिवशी पाहावयाचा हे ठरवू दिले. दुसऱ्या मजल्यावरील ४४ जणांनाही रोपटे व चित्रपट मिळाले. परंतु पाणी परिचारिका घालणार होत्या व दिवस संस्था ठरविणार होती. तीन आठवड्यांनंतर पहिला गट अधिक आनंदी व सतर्क दिसला. दीड वर्षाने पहिल्या गटातील ७ आणि दुसऱ्या गटातील १३ व्यक्ती निधन पावल्या होत्या. हा शेवटचा आकडा पाठ्यपुस्तकांतून फार मिरविला गेला. गट लहान होते आणि संख्याशास्त्रीय गणनेतील चुकीची दुरुस्ती नंतर संशोधिकांनीच प्रसिद्ध केली. तीनुसार मृत्यूंतील फरक विश्वसनीयतेच्या सीमारेषेवरचा ठरतो. रोपट्याला पाणी घातल्याने आयुष्य वाढते, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. बारीकसारीक निवडीचा अधिकार मिळाल्याने वृद्धांची उमेद वाढते, एवढे मात्र इतरही अभ्यासांनी दाखविले आहे.

याच सुमारास रिचर्ड शुल्त्स यांनी केलेल्या प्रयोगाची कमी चर्चा होते; ती अधिक व्हावयास हवी. निवृत्तांच्या एका निवासातील काही रहिवाशांना महाविद्यालयीन विद्यार्थी भेटावयास येत. भेटीची वेळ ज्यांना स्वतः ठरविता येई किंवा आगाऊ कळे, त्यांची प्रकृती व उत्साह इतरांपेक्षा चांगला राहिला. पुढे अभ्यास संपला आणि भेटी थांबल्या. नंतरच्या पाहणीत, ज्यांना सर्वाधिक लाभ झाला होता त्यांचीच स्थिती वेगाने खालावल्याचे शुल्त्स व बार्बरा हनुसा यांना आढळले (१९७८). हाती दिलेले नियंत्रण काढून घेणे हे ते मुळीच न देण्यापेक्षा अधिक अपायकारक ठरू शकते. वृद्धाश्रमांत सणावारी हौसेने जाऊन नंतर वर्षभर न फिरकणाऱ्या मंडळांनी हा अभ्यास अवश्य लक्षात घ्यावा.

परावलंबन कसे शिकविले जाते, हे मार्ग्रेट बाल्टेस यांच्या निरीक्षणांत दिसते. शुश्रूषागृहातील रहिवासी स्वतःच्या हाताने जेवत किंवा कपडे घालत असता सेवकवर्ग त्याच्याकडे लक्ष देत नसे. त्याने मदत मागितली वा तो अडखळला, की तत्काळ कोणीतरी धावून येई. सहवास हवा असेल तर असमर्थ असावे लागे. हे वर्तन निष्ठुरपणातून आलेले नव्हते; काळजी, घाई व अपघाताचे भय ही त्याची कारणे होती. कुटुंबातही हेच घडते. सदऱ्याची बटणे लावण्यास वडिलांना पाच मिनिटे लागतात, मुलाला अर्धे मिनिट. मुलगा बटणे लावून देतो आणि काही महिन्यांनी वडिलांना ती खरोखरच लावता येईनाशी होतात. दवाखान्यात डॉक्टर रुग्णाऐवजी त्याच्या मुलाकडे पाहून ‘यांना झोप लागते का?’ असे विचारतात, हाही त्याचाच एक प्रकार होय.

याचा अर्थ साहाय्य देऊच नये, असा नव्हे. पॉवेल लॉटन (१९२३–२००१) व ल्युसिल नाहेमो यांनी १९७३ मध्ये सांगितले, की व्यक्तीची क्षमता आणि परिस्थितीची मागणी यांचा मेळ बसावा लागतो. मागणी फार असेल तर माणूस कोलमडतो. ती फार कमी असेल तर क्षमता गंजते. क्षमता जितकी कमी, तितका परिस्थितीतील लहानसा बदलही मोठा परिणाम करतो. स्नानगृहातील एक दांडी, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना दिलेला गडद रंग, मोठ्या अक्षरांतील औषधाची चिठ्ठी यांमुळे एखादे काम परक्याच्या हातून स्वतःच्या हाती परत येऊ शकते.

पूर्वग्रहांचा परिणाम : वयावरून होणाऱ्या भेदभावास स्वतंत्र नाव देण्याचे श्रेय बटलर यांनाच दिले जाते (१९६९). अन्य पूर्वग्रहांहून याचे वैशिष्ट्य असे, की तो बाळगणारा मनुष्य जगला-वाचला तर एके दिवशी स्वतःच त्याचा विषय होतो. बेका लेव्ही यांच्या मते तरुणपणी आत्मसात केलेल्या वृद्धत्वाच्या कल्पना पुढे स्वतःला लागू केल्या जातात आणि शरीरावर व वर्तनावर परिणाम करतात. ओहायओ राज्यातील ६६० व्यक्तींच्या माहितीचा अभ्यास त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या वार्धक्याविषयी अनुकूल मत असलेल्या व्यक्ती सरासरीने साडेसात वर्षे अधिक जगल्याचे त्यात आढळले. अशा सहसंबंधावरून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही. आधीच निरोगी असलेल्यांचे मत अनुकूल असणे स्वाभाविक आहे, मग संशोधकांनी प्रकृतीचा हिशेब कितीही काळजीने घेतलेला असो. तरी पूर्वग्रहाचे एक अपायकारक रूप वादातीत आहे. ‘वयोमानाने असे व्हायचेच’ हे वाक्य रुग्ण, आप्त व कधीकधी वैद्यही निदानासारखे वापरतात. वृद्धांच्या सततच्या खिन्नतेची दखल न घेतली जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या भारतीय अनुदैर्घ्य वार्धक्य पाहणीत साठ वर्षांवरील ८.३ टक्के व्यक्तींत तीव्र विषादाची संभाव्य लक्षणे आढळली, पण आपल्याला विषादाचे निदान झाले आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. [→ विषाद].

भारतीय संदर्भ : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सु. १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. वरील उपपत्ती बहुतांशी अमेरिका व जर्मनी येथील मध्यमवर्गीयांच्या अभ्यासावर उभारलेल्या असल्याने त्या येथे जशाच्या तशा लागू करता येत नाहीत. निवृत्तीचा ‘धक्का’ ही कल्पनाच पाहा. ठरावीक वयास नोकरी संपून निवृत्तिवेतन सुरू होणे हे संघटित क्षेत्रातील अल्पसंख्य कामगारांपुरते खरे आहे; शेतकरी, शेतमजूर, विणकर किंवा घरकाम करणारी स्त्री शरीर चालते तोवर काम करीत राहते. तिच्या बाबतीत ‘क्रियाशीलता’ ही निवड नसून निकड असते.

वानप्रस्थाश्रमाच्या कल्पनेमुळे अलिप्तता उपपत्ती भारतीयांना परिचित वाटते. सिल्व्हिया व्हाटूक या मानवशास्त्रज्ञाने दिल्लीच्या सीमेवरील एका गावाच्या अभ्यासावरून १९८० मध्ये ह्या साम्याची परीक्षा केली. तेथील वृद्ध निवृत्तीचा आदर्श बोलून दाखवीत. परंतु त्यांच्या लेखी त्याचा अर्थ कुटुंबाबाहेर पडणे असा नसून, मुलासुनांच्या घरी आदराने बसून सेवा घेणे असा होता. सारा लँब यांनीही बंगालमधील एका खेड्याच्या वर्णनात (२०००) मुलांकडून सेवा घेणे हे तेथे अपमानास्पद नव्हे, तर पूर्वी केलेल्या संगोपनाच्या ऋणाची योग्य परतफेड मानले जाते, असे दाखविले. स्वावलंबन हेच सुखी वार्धक्याचे लक्षण होय, हे पाश्चात्त्य गृहीत येथे अडखळते. तथापि त्यामुळे निवडीचा प्रश्न निकालात निघत नाही. सासूने आपण होऊन किल्ल्या सुनेच्या हाती देणे आणि तिच्या उशाखालून त्या काढून घेतल्या जाणे, या दोन घटनांनंतर घराचा कारभार सारखाच चालेल. पण त्या दोन स्त्रियांचे पुढचे वार्धक्य सारखे नसते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने अपत्यांवर पोषणाची जबाबदारी टाकली, तसेच सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट न पाळल्यास परत मिळविण्याची तरतूद केली. अन्नवस्त्राच्या पुरवठ्याइतकाच हाती राहणाऱ्या अधिकाराचाही विचार करावा लागतो, याची ही अप्रत्यक्ष मान्यताच होय.

अतिवृद्धावस्था : ह्या उपपत्तींचा आशावाद ८५ वर्षांपुढे कितपत टिकतो, हा अलीकडच्या संशोधनातील वादाचा मुद्दा आहे. ७० ते १०० हून अधिक वयाच्या ५१६ व्यक्तींचा बर्लिन येथे १९९० पासून जो सखोल अभ्यास झाला, त्यात या टप्प्यावर भरपाईची साधने अपुरी पडू लागतात, अनेक आजार एकाच वेळी उद्भवतात व बुद्धिभ्रंशाचे प्रमाण झपाट्याने वाढते, असे आढळले. स्वतः पॉल बाल्टेस यांनीही उत्तरायुष्यात हे मान्य केले. स्वीडनमधील समाजशास्त्रज्ञ लार्स टॉर्नस्टम यांनी १९८९ मध्ये याच्या उलट बाजूने विचार मांडला. त्यांच्या मते उतारवयात अनेकांची काळाविषयीची, मृत्यूविषयीची व स्वतःविषयीची दृष्टीच पालटते. एकांत हवासा वाटणे, वरवरच्या गाठीभेटी नकोशा होणे ही उणीव नसून परिपक्वता असू शकते. अशा एकांताला खिन्नता समजून त्यावर उपचार करणे आणि खिन्नतेला असा एकांत समजून तीकडे दुर्लक्ष करणे, या दोन्ही चुका संभवतात. त्या व्यक्तीशी बोलल्याखेरीज केवळ बाहेरून ह्या दोहोंतील फरक ओळखता येत नाही. एरिक्सन यांच्या पत्नी व सहकारी जोन एरिक्सन (सु. १९०३–९७) यांनी नव्वदी ओलांडल्यावर आठ अवस्थांना नववी अवस्था जोडली, ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या अवस्थेत शरीरावरचा विश्वास डळमळतो, स्वायत्तता हातची जाते आणि बाल्यात एकदा सोडविलेले प्रश्न उलट बाजूने पुन्हा समोर येतात, असे त्यांनी लिहिले आहे. वार्धक्याविषयीच्या बहुतेक उपपत्ती मध्यमवयीन संशोधकांनी रचलेल्या आहेत. ही एक त्या वयाच्या आतून लिहिली गेली.